'माणसं वाढली, धूप घटली': पण धूप मोजली कुणी?

दोन वर्षांपूर्वी माझ्या सिनॉप्सिसचं प्रेझेंटेशन होतं. विषय होता, डोंगरउतारावर मका घेणारे छोटे शेतकरी माती राखण्यासाठी काय करतात आणि काय करायचं टाळतात. तिसऱ्याच स्लाइडवर मी एक ठसठशीत वाक्य टाकलं होतं: केनियातल्या मचाकोस जिल्ह्यात लोकसंख्या पाचपटीहून जास्त वाढूनही जमिनीची धूप कमी झाली. शेजारी कंसात तीन नावं आणि १९९४. बाहेरून आलेले परीक्षक तोवर शांत बसले होते. त्यांनी विचारलं, "धूप कमी झाली हे कशावरून? कुणी मोजली? किती ठिकाणी, किती वर्षं?"

मी म्हटलं, "सर, पुस्तकात आहे."

"तुम्ही पुस्तक वाचलंय?"

वाचलं नव्हतं. मी तीन रिव्ह्यू पेपर वाचले होते आणि तिघांतही हेच वाक्य होतं, जवळपास याच शब्दांत. ते खरं असणार, असं मी धरून चालले होते. त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. तुमच्यापैकी जे आत्ता पेटची तयारी करतायत किंवा पहिला लिटरेचर रिव्ह्यू लिहितायत, त्यांच्या फाइलमध्येही असं एखादं वाक्य नक्की असणार. म्हणून आज त्या पुस्तकाबद्दल लिहितेय. आता ते वाचलंय, दोनदा.

पुस्तकाचं नाव 'मोअर पीपल, लेस इरोजन'. लेखक तिघं: मेरी टिफेन, मायकल मॉर्टिमोर आणि फ्रान्सिस गिचुकी. आपल्या विषयात या पुस्तकाइतकी उद्धृत होणारी पुस्तकं फार थोडी आहेत, आणि माझा अंदाज असा की त्यातल्या निम्म्या उद्धृतांना मुखपृष्ठाच्या आतलं काही ठाऊक नसतं. याचा दोष थोडा पुस्तकाकडेही जातो. शीर्षकातच निष्कर्ष देऊन टाकला की पुढची पानं कोण उलटणार?

आधी जागा समजून घेऊ. मचाकोस नैरोबीच्या आग्नेयेला आहे, शहर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर. राहणारे लोक अकांबा. वरच्या अंगाला मबूनी, इवेतीसारखे डोंगर, खाली उतरत गेलं की कोरडी, उष्ण मैदानं. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि दोन्ही वेळा बेभरवशाचा. मुख्य पीक मका, सोबत घेवडा आणि तूर. पुस्तकातल्या आकड्यांप्रमाणे १९३२ मध्ये इथे सुमारे २ लाख ४० हजार माणसं होती, १९८९ मध्ये जवळपास १४ लाख.

आता उतारावरचा मका म्हणजे मातीसाठी काय, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. मक्याच्या ओळी लांब लांब असतात. पेरणीनंतरचे चार-पाच आठवडे जमीन जवळजवळ उघडीच राहते, आणि नेमका तेव्हाच सगळ्यात जोरकस पाऊस पडतो. थेंब ढेकळं फोडतो, बारीक कण भेगा बुजवतात, पाणी मुरायचं थांबतं आणि वरची साल घेऊन खाली पळतं. आपल्या कृषीच्या पुस्तकांत याला सालकाढी धूप म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. घळ पडली की सगळ्यांना दिसते. साल निघते ती दिसत नाही, दहा वर्षांनी कणसं बारीक व्हायला लागली की कळते.

१९३० च्या दशकात वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी मचाकोस पाहिलं तेव्हा त्यांना हा जिल्हा संपल्यात जमा वाटला. उघडे डोंगर, घळी, जास्तीची जनावरं. त्यांचं निदान असं की माणसं आणि गुरं जमिनीला पेलत नाहीत. उपाय म्हणून १९३८ मध्ये सक्तीनं गुरं कमी करायला घेतली. त्यावर मुइंदी म्बिंगू यांच्या नेतृत्वाखाली हजारो अकांबा चालत नैरोबीला गेले, गव्हर्नरनं भेटावं म्हणून तिथे तळ ठोकून बसले, आणि सरकारला ती सक्ती मागे घ्यावी लागली. पुढे चाळीस-पन्नासच्या दशकांत सक्तीच्या सामूहिक श्रमातून ताली घातल्या गेल्या. लोकांना त्याचा तिटकारा होता. स्वातंत्र्याच्या आसपास अनेक ठिकाणी ही कामं थांबली, जुन्या ताली फुटल्या. अधिकाऱ्यांच्या हिशेबानं पाहिलं तर गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण संपली नाही, आणि पुस्तकाचा खरा दम इथून पुढच्या भागात आहे. सक्ती गेल्यावर त्याच लोकांनी, बऱ्याचशा स्वतःच्या पैशांनी आणि हातांनी, पुन्हा ताली घालायला घेतल्या. त्याही सरकारनं शिकवलेल्या अरुंद ताली नव्हेत. त्यांनी निवडली ती पद्धत 'फान्या जू'. स्वाहिलीत याचा अर्थ साधारण 'वर टाक'. उताराला आडवा, समपातळीवर एक चर खणायचा, सुमारे दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल, आणि निघालेली माती चराच्या वरच्या बाजूला टाकून तिथे बांध करायचा. बांधावर नेपिअर गवत लावायचं. पावसाबरोबर वाहत येणारी माती त्या बांधाला अडते, आणि काही हंगामांत दोन बांधांमधला तुकडा आपोआप सपाट होत जातो. म्हणजे पायऱ्या एकदम खोदाव्या लागत नाहीत. निम्मं काम पाऊस करतो. कोकणातल्या मजग्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना शेवटचं रूप ओळखीचं वाटेल.

हाच चर खणून माती खाली टाकली तर श्रम बरेच कमी लागतात, कारण माती वर फेकणं कष्टाचं काम आहे. (खाली टाकायच्या पद्धतीला 'फान्या चीनी' म्हणतात.) तरी शेतकऱ्यांनी जड काम निवडलं. का? कारण त्यांना माती वाचवण्यापेक्षा पाणी मुरवायचं होतं. अशा बेभरवशाच्या पावसात सपाट तुकड्यावरचा मका तगतो, उतारावरचा करपतो. बांधावरचं गवत दावणीच्या गुरांना होतं. आणि पन्नासच्या दशकात आफ्रिकन शेतकऱ्यांना कॉफी लावायची परवानगी मिळाल्यावर पायऱ्यांचा खर्च भरून निघायला लागला. पुस्तकातली ही प्रकरणं मला फार आवडली. आपल्याकडचे विस्तारवाले अजूनही 'जागरूकतेचा अभाव' असं एक वाक्य लिहून मोकळे होतात, त्या सगळ्यांना ही सक्तीनं वाचायला द्यावीत.

आता परीक्षकांच्या प्रश्नाकडे येऊ. धूप मोजली कुणी?

पुस्तक त्या नजरेनं वाचलं की लक्षात येतं, शीर्षकातला 'धूप' हा शब्द ज्या पुराव्यावर उभा आहे तो मुख्यतः धुपीचा नाही. विमानातून काढलेल्या १९४८, १९६१ आणि १९७८ च्या फोटोंवरून जमीन कशी वापरली जात होती आणि ताली किती होत्या, हे काढलंय. जुने अहवाल आहेत, गावांतल्या जाणत्यांच्या मुलाखती आहेत. अमुक उतारावरून हेक्टरी दरवर्षी किती टन माती जात होती आणि पुढे किती जाऊ लागली, अशी साठ वर्षांची नोंद कुणाकडेच नाही, असूही शकत नाही. मोजल्या गेल्या त्या ताली. निष्कर्ष काढला गेला तो धुपीबद्दल. मधली उडी बहुधा बरोबर आहे, मलाही तसंच वाटतं. पण ती उडी आहे, आणि उद्धृत करताना आपण तिला मापन म्हणून खपवतो.

याच जागी आजचे आपण त्यांच्यापेक्षा जास्त चुकतो. तुमच्यापैकी अनेक जण जीआयएस वापरून सार्वत्रिक मृदाधूप समीकरण लावणार असाल, विशमायर आणि स्मिथचं. पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी आणि चढ, पिकाचं आच्छादन, आणि शेवटी संधारणाचा घटक. ताल असेल तिथे तुम्ही त्या शेवटच्या घटकाला एकापेक्षा लहान आकडा देता. मग गुणाकार करता. उत्तर येतं, ताली असलेल्या भागात धूप कमी! अहो, येणारच. ते तुम्हीच आत घातलं होतं. हे समीकरण अमेरिकेतल्या प्रयोगक्षेत्रांवरून बसवलंय, त्याचा प्रमाण तुकडा २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा. ज्या उतारावर आपले लोक मका टोकतात तिथे ९ टक्के म्हणजे जवळजवळ सपाट. मी स्वतः माझ्या पहिल्या वर्षी असा एक सुंदर रंगीत नकाशा केला होता, गाईडना दाखवला होता, आणि त्यांनाही तो आवडला होता. तो आता एका फोल्डरमध्ये पडून आहे.

दुसरी गोष्ट फोटोंची. १९३७ मध्ये आर. ओ. बार्न्स या अधिकाऱ्यानं मचाकोसमधल्या धुपीची नोंद करायला फोटो काढले होते. मॉर्टिमोर यांनी १९९० च्या सुमारास तीच ठिकाणं शोधून, त्याच कोनातून पुन्हा फोटो काढले. शेजारी शेजारी ठेवले की बघतच राहावं अशी जोडी होते: पूर्वी उघडी खरवडलेली टेकडी, आता पायऱ्या, झाडं, घरं. मी पण भाळले. मग एक साधा प्रश्न पडला. बार्न्स काय टिपायला निघाला होता? धूप. म्हणजे त्यानं कॅमेरा कुठे लावला असेल? जिथे अवस्था वाईट, तिथे. सगळ्यात वाईट जागा निवडून पन्नासेक वर्षांनी तिथे परत गेलात, तर बऱ्याच जागा आधीपेक्षा बऱ्याच दिसणार, कारण त्याहून वाईट व्हायला फारसं उरलेलंच नसतं. १९३७ मध्ये चांगल्या असलेल्या आणि नंतर बिघडलेल्या जागेचा 'आधीचा' फोटो बार्न्सकडे असण्याचं कारणच नाही. संख्याशास्त्राच्या तासाला आपण याला सरासरीकडे परत येणं म्हणतो, पेपरात उदाहरण सोडवतो, आणि फोटो समोर आला की विसरतो. मला म्हणायचंय ते एवढंच की ही जोडचित्रं बदल दाखवतात, बदलाचं जिल्हाभरचं प्रमाण दाखवत नाहीत. लेखकांनी केवळ फोटोंवर भिस्त ठेवलेली नाही हेही खरं, पण सेमिनारमध्ये दाखवले जातात ते फोटोच.

तिसरं, उत्पादन. १९३० ते १९८७ या काळात दर चौरस किलोमीटरचं उत्पादन सुमारे दहापट आणि माणशी सुमारे तिप्पट झालं, असा पुस्तकाचा हिशेब आहे. हा हिशेब सगळी पिकं आणि जनावरं मक्याच्या मोलात बदलून केलेला आहे. म्हणजे कॉफी विकली तर ती किती मक्याइतकी, असं. एक मोजपट्टी हवीच, मान्य. पण त्यामुळे आलेखात जी रेघ वर जाते ती मातीची सुपीकता वाढल्याची आहे की कॉफी, भाजी आणि नैरोबीचा बाजार जवळ असल्याची, हे वेगळं करता येत नाही. उतारावरच्या गरीब घरातल्या मक्याची ओंबळ भरली का, हे तर त्या रेघेत दिसतच नाही. शिवाय ताल माती अडवते, पण कणसांतून आणि गुरांना घातलेल्या कडब्यातून जमिनीबाहेर जाणारं नत्र आणि स्फुरद ती अडवू शकत नाही. शेणखत पुरेसं परत गेलं नाही तर सपाट, नीट बांधलेल्या पायरीवरही जमीन हळूहळू रिती होते. धूप थांबली म्हणजे माती सावरली, असं नसतं.

चौथं मला सगळ्यात उशिरा कळलं. जिल्ह्याच्या सीमा कागदावर तशाच धरल्या तरी अकांबांच्या हातातली जमीन तेवढीच राहिली नव्हती. वसाहतीच्या काळात त्यांना राखीव क्षेत्रात कोंडलेलं होतं, आजूबाजूची सरकारी जमीन बंद होती. साठच्या दशकात ती मोकळी झाली आणि लोक मकुएनीकडच्या कोरड्या भागात उतरले. लेखक हे लपवत नाहीत, उलट सविस्तर सांगतात. पण मग 'माणसं वाढली' याचा अर्थ बदलतो. जुन्या डोंगरांवर वाढणाऱ्या दाबाला मधेच एक वाट मिळाली होती. ही वाट जिथे नाही तिथे मचाकोसचं उदाहरण जसंच्या तसं कसं लावणार?

पुस्तक आल्यावर लगेच टीका सुरू झाली. १९९५ मध्ये डायान रोशलो, फिलिप स्टाइनबर्ग आणि पॅट्रिशिया बेंजामिन यांनी 'वर्ल्ड डेव्हलपमेंट'मध्ये उकंबानीचा शंभर वर्षांचा इतिहास मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाहेरून आलेला प्रत्येक जण इथे आपापलं संकट पाहून गेला, आणि जमीन कुणाच्या हातून गेली, कामाचा भार कुणावर पडला, हे त्या गोष्टींत गळालं. ताली घालणाऱ्या 'म्वेथ्या' नावाच्या श्रमगटांत बाया मोठ्या संख्येनं असत, कारण पुरुष नैरोबी-मोंबासाला नोकरीला. 'शेतकऱ्यांनी ताली घातल्या' या वाक्यातला शेतकरी पुल्लिंगी का, हा प्रश्न आपल्या गावांतही विचारून पाहा.

पण माझ्या मते सगळ्यात वजनदार टीका जॉन मर्टन यांची, १९९९ ची, 'जिऑग्राफिकल जर्नल'मधली. त्यांनी जिल्ह्याची सरासरी सोडली आणि घरं पाहिली. दिसलं असं की ज्या घरात शहरातली पगारी नोकरी होती त्या घराकडे ताली, खत, गुरं, चांगलं बियाणं यांसाठी पैसा होता आणि पुढे शेजाऱ्याची जमीन घ्यायलाही होता. ज्यांच्याकडे नोकरी नव्हती त्यांची जमीन आक्रसत गेली, आणि पोट भरायला ते दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जात राहिले. एकाच डोंगरावर दोन गोष्टी चालू होत्या. सरासरीत त्यातली एकच दिसते. 'माणसं वाढली म्हणून लोकांनी जमीन सुधारली' हा बोसरुप यांच्या १९६५ च्या पुस्तकातला युक्तिवाद टिफेन आणि सहकारी पुढे नेतात. मर्टन वाचल्यावर तो मला असा दिसतो: ज्यांच्या घरी बाहेरून पैसा आला त्यांनी सुधारली.

हे वाचलं त्या सुमारास मी सातपुड्यात, धडगावच्या बाजूला, मक्याच्या उतारांवर फिरत होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, दगडी बांध पडलाय तो पुन्हा का रचत नाही? ते म्हणाले, "ताई, रचायला माणसं कुठायत? पोरं गुजरातला ऊस तोडायला. येतात ती होळीला, आणि येताना उचल फेडून हात हलवत येतात." मी वहीत 'स्थलांतर' एवढं लिहिलं आणि मग थबकले. मचाकोसमध्येही स्थलांतरच होतं. तिथे नैरोबीच्या पगारातून बांध उभे राहिले, इथे स्थलांतरामुळे बांध पडून आहेत. पगार घेऊन येणारा आणि उचल फेडून येणारा, दोघंही माझ्या प्रश्नावलीत एकाच रकान्यात जात होते: 'घरातील सदस्य बाहेरगावी आहे का? हो / नाही'. तो रकाना मी त्या रात्री बदलला. आधीच्या साठ घरांत परत जावं लागलं, त्यात पावसाळ्याआधीचा महिना गेला.

मग हे पुस्तक वाईट आहे का? अजिबात नाही. टीकाकारांमध्ये वाद घालण्याजोगं जे काही आहे ते या पुस्तकानं गोळा केलेल्या सामग्रीमुळेच शक्य झालं. साठ वर्षांचा एवढा बारीक दस्तऐवज आपल्याकडच्या एकाही डोंगरी तालुक्याबद्दल माझ्या पाहण्यात नाही. आणि १९३० च्या साहेबांचं भाकीत चुकलं, ही गोष्ट खरीच आहे. गरीब शेतकरी अडाणीपणामुळे माती घालवतो, या समजाला या पुस्तकानं जो तडाखा दिला तो तीस वर्षांनी पुरेसा बसलेला नाही. माझी तक्रार शीर्षकाशी आहे, आणि ते शीर्षक पाठ करून पुढे जाणाऱ्या आपल्यासारख्यांशी. टिफेन, मॉर्टिमोर, गिचुकी यांनी 'मोअर पीपल, मोअर टेरेसेस' असं नाव दिलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, हे मला कळतं.

वाचायचं ठरवलंत तर एक सुचवते. सुरुवातीची सैद्धांतिक चर्चा नंतर वाचा. आधी जमीनवापर आणि तालींची प्रकरणं घ्या, पेन्सिल घेऊन बसा, आणि प्रत्येक तक्त्याशेजारी फक्त दोन गोष्टी लिहा: काय मोजलं आणि कशाबद्दल बोललं. माझ्या प्रतीत पहिल्याच बैठकीत सतरा ठिकाणी त्या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. मग मर्टन, मग रोशलो. या क्रमानं साधारण तीन आठवडे लागतात. रिव्ह्यू पेपर वाचायला मला एक दुपार लागली होती.

माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक मला बदलावं लागलं. आधी त्यात 'धूप कमी करण्यात शेतकऱ्यांच्या पद्धतींची भूमिका' असं होतं. आता 'पद्धती' आणि 'माती वाहून जाण्याचं मापन' हे दोन वेगळे भाग आहेत, आणि दुसऱ्या भागासाठी सहा उतारांवर पत्र्याच्या कडा ठोकून खाली गाळ साठवायच्या टाक्या बसवल्या आहेत. गेल्या जुलैत एका रात्रीच्या पावसात त्यातल्या दोन भरून वाहिल्या, म्हणजे नेमकी सगळ्यात महत्त्वाची नोंद गेली. यंदा टाक्या मोठ्या घेतल्यात.